‘निरंक’ : एका पर्यावरण-आघात अहवालाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

‘पर्यावरण’ हा शब्द आता इतका रुळला आहे की शाळेतल्या निबंधात आणि पुढाऱ्यांच्या भाषणात तो सारख्याच सहजतेने येतो. परंतु ‘पर्यावरण-आघात अहवाल’ म्हणून जी वस्तू असते ती प्रत्यक्ष पाहिलेले, आणि पाहून वाचलेले लोक फार थोडे. धरण, कारखाना, खाण, मोठी इमारत असे काही उभारायचे झाले तर त्यापायी आसपासच्या जमिनीवर, पाण्यावर, हवेवर आणि माणसांवर काय परिणाम होतील, व ते कमी करण्यासाठी आपण काय करणार आहोत, हे अर्जदाराने परवानगीआधी लेखी सांगायचे असते. ते लेखी सांगणे म्हणजे हा अहवाल. तो कसा तयार होतो, आणि वाचताना आपण कोठे थांबून प्रश्न विचारला पाहिजे, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा माझा प्रयत्न आहे. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. विषय शास्त्रशाखेचा खरा. पण धूळ मोजणारे यंत्र एक आकडा देऊन गप्प बसते. त्या आकड्याभोवती वाक्ये रचावी लागतात, आणि वाक्ये कशी रचली आहेत हे पाहणे हा तर आमचाच अभ्यास.

आमच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला पर्यावरण विषयाचा प्रकल्प करावा लागतो. माझ्या बऱ्याच मैत्रिणींनी प्लास्टिकचा वापर, गांडूळखत असे विषय घेतले. मी आमच्या गावच्या टेकडीवरील दगडखाणीचा अर्ज घेतला. आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात आहे. गावाच्या उत्तरेला माळ आणि माळाच्या टोकाला टेकडी. टेकडीच्या एका अंगाला तीन लहान दगडखाणी आणि एक खडी क्रशर पूर्वीपासून चालू आहेत. चौथ्या खाणीसाठी अर्ज झाला. येथेच आणखी एक गोष्ट सांगून टाकते. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, त्याच क्रशरवर कामाला आहेत आणि आमचे घर त्या मजुरीवर चालते. आईच्या शेळ्या चरतात त्याही याच टेकडीवर. अहवालाच्या ठरलेल्या ढाच्यात अगदी शेवटचे प्रकरण ‘अहवाल कोणी तयार केला’ हे जाहीर करण्यासाठी राखलेले असते. ते पहिले असायला हवे असे मला वाटते, म्हणून माझे मी आधी लिहिले.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो पुस्तकांत सापडतो. असे निवेदन कायद्याने बंधनकारक करण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. तेथील राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर १ जानेवारी १९७० रोजी सही झाली. १९७२ साली स्टॉकहोमला परिषद भरली. आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने पर्यावरणरक्षणाचे कलम आले. पण पर्यावरण (संरक्षण) अधिनियम यायला १९८६ साल उजाडले, आणि तेही डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर. या अधिनियमाखाली २७ जानेवारी १९९४ ची अधिसूचना निघाली, १९९७ मध्ये जनसुनावणीची पद्धत तीत घालण्यात आली, आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी तिच्या जागी नवी अधिसूचना आली. अनेक दुरुस्त्यांसह तीच आज चालू आहे.

आमच्या प्रकरणाला यातली एक वेगळी वाट लागू पडते. मुरूम, वाळू, डबर, खडीचा दगड यांना कायदा ‘गौण खनिज’ म्हणतो. सोन्याच्या मानाने खडी गौण असेल. पण टेकडी नाहीशी व्हायची ती खडीपायीच. पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणींना पूर्वी केंद्राची पर्यावरण-मंजुरी लागत नसे. मग एकाच डोंगराचे पाच हेक्टरांच्या आतले तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा ‘लहान’ म्हणून सोडवून घ्यायचा, असे प्रकार होऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी, दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात, अशा लहान खाणींनाही मंजुरी आवश्यक ठरवली. २०१६ मध्ये ‘समूह’ ही कल्पना आली : दोन खाणींच्या हद्दींमधील अंतर पाचशे मीटरांहून कमी असेल तर त्या एका समूहातल्या धरायच्या. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने लहान खाणींच्या सवलतींवर बोट ठेवले, आणि पाच हेक्टरांवर जाणाऱ्या समूहांना पूर्ण अहवाल व जनसुनावणी लागू झाली. आमच्या टेकडीवरचा अर्ज एकटा पाहिला तर लहान. शेजारच्या तीन खाणी मिळून पाहिला तर समूह. गावाला सुनावणी मिळाली ती एवढ्या एका व्याख्येमुळे.

अहवाल अर्जदार स्वतः लिहीत नाही. मान्यताप्राप्त सल्लागार संस्थेकडून तो करून घेतला जातो आणि तिचे शुल्क अर्जदार देतो. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडे सद्गुण आहे. येथे तो अडचणीचा ठरतो. असो. अभ्यास कोणत्या मुद्द्यांवर करायचा याची कार्यकक्षा आधी ठरवून मिळते. तिच्याबरहुकूम मसुदा तयार होतो. ढाचा बारा प्रकरणांचा : प्रस्तावना, प्रकल्पाचे वर्णन, पर्यावरणाचे वर्णन, अपेक्षित परिणाम आणि ते कमी करण्याचे उपाय, पर्यायांचा विचार, देखरेख, फायदे इत्यादी. शेकडो पानांच्या या ग्रंथाचा सारांश जास्तीत जास्त दहा पानांत, इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत द्यावा लागतो. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी लोकांना पाहायला ठेवतात आणि सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेच्या वृत्तपत्रात देतात. पूर्ण मसुदा पाहण्यासाठी मला साताऱ्याला दोन खेपा घालाव्या लागल्या. मराठी सारांश ग्रामपंचायतीत मिळाला. तो मी घरी आजीला, आईला आणि आप्पांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि प्रकल्पाचे खरे काम तेथून सुरू झाले.

बारा प्रकरणांत माझ्या मते सर्वांत मोलाचे तिसरे. खाण येण्यापूर्वी त्या जागी काय आहे, हे त्यात लिहायचे असते. आधी काय होते याची नोंद नसेल तर नंतर काय गेले हे दाखवता येत नाही. आपल्या शेतकरी वाचकांना हे समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर पीकपाहणीत पिकाची नोंद नसली, आणि गारपीट झाली, तर भरपाई मागताना काय हाल होतात ते आपण घरोघर पाहतो. पीक शेतात होते, ते सगळ्या गावाने पाहिले होते. कागदावर मात्र नव्हते.

या तिसऱ्या प्रकरणासाठी खाणीभोवतीचे दहा किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र पाहतात आणि साधारणपणे एका ऋतूची निरीक्षणे घेतात, पावसाळा सोडून. हवेच्या बाबतीत हे योग्यच आहे. पावसाने धूळ खाली बसते आणि हवा आहे त्याहून स्वच्छ दिसते. पण धुळीसाठी निवडलेला ऋतूच झाडाझुडपांसाठी आणि पाण्यासाठीही वापरला की घोटाळा होतो. आमच्या अहवालाची निरीक्षणे मार्च ते मे या महिन्यांतली आहेत. एप्रिलमध्ये आमच्या माळावर काय दिसेल? कुसळी वाळून पिवळी पडलेली, त्यात कोठे तरवड, कोठे हिवराचे झाड, ओढ्यात नुसते गोटे. तेव्हा सारांशातल्या कोष्टकात पुढील नोंदी आल्या. क्षेत्रातील जलस्रोत : निरंक. महत्त्वाच्या वनस्पती : निरंक. वन्य प्राण्यांचा वावर : निरंक. चराई : निरंक. स्थलांतराचे मार्ग : निरंक.

कचेरीच्या मराठीत ‘निरंक’ म्हणजे सांगण्यासारखे काही नाही, रकाना रिकामा. मी वाचत होते तेव्हा आजीने मध्येच विचारले, “निरंक म्हंजी काय गं?” मी म्हटले, “काही नाही, असा अर्थ.” आजी म्हणाली, “काय न्हाई कसं? मग मी इतकी वर्सं शेरडं घिऊन कुठं जात हुते?”

या प्रश्नाला अहवालात उत्तर नव्हते; म्हणून आम्ही दोघींनी बसून महिनावार यादी केली. यादी आजीची, अक्षर माझे. मृगाच्या सुमारास टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते. अंडी खड्यांसारखीच दिसतात, जवळून गेले तरी कळत नाहीत. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की पाऊल जपून टाकायचे. श्रावणात हिवराच्या आणि बोरीच्या झुडपांवर करटुलीचे वेल चढतात. करटुलीचा कंद जमिनीखाली असतो, उन्हाळ्यात वर काडीही दिसत नाही. एप्रिलमध्ये आलेल्या माणसाला ती सापडणारच नाही. कुरडूची कोवळी भाजीही पावसाळ्यातलीच. भाद्रपदात गवत गुडघ्याच्या वर जाते, मारवेल असेल तेथे गुरे आधी जातात. टेकडीच्या उगवतीच्या अंगाला एक झरा आहे. तो दिवाळीपर्यंत वाहतो, कधी त्याच्याही पुढे. दिवाळी झाली की धनगरांची खिल्लारे माळावरून पश्चिमेकडे जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. माळावर त्यांचा मुक्काम एक-दोन रात्रींचा. पौषात बोरे. खोकड आणि ससा बारमाही. लांडगा पूर्वी होता. अलीकडे दिसलेला नाही, म्हणून आजीने तो यादीत घालू दिला नाही.

सल्लागाराच्या माणसांनी खोटे लिहिले असे मी म्हणत नाही. त्यांनी एप्रिलमध्ये जे पाहिले ते लिहिले. चुकला तो महिना. शिवाय माळ म्हणजे ‘पडीक’ ही समजूत काही त्यांची एकट्यांची नव्हे. सरकारी नकाशांतही गवताळ माळराने पुष्कळदा पडीक जमिनीतच मोडतात. जेथे नांगर चालत नाही आणि झाडही उंच वाढत नाही, ती जमीन आपल्या कागदांना रिकामी दिसते.

अर्थात सगळेच अहवाल प्रामाणिक असतात असेही नाही. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील एका खाणीच्या अहवालातून मजकूर उतरवून घेतल्याचे काही वर्षांपूर्वी उघडकीस आले होते. कोकणातल्या खाणीचे वर्णन रशियातून आणायचे म्हणजे कमालच म्हटली पाहिजे. जाणूनबुजून माहिती दडवली किंवा खोटी दिली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते, असे २००६ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे. पण उतारा रशियाचा आहे हे ओळखायला आधी कोणीतरी तो वाचावा लागतो.

आता पाण्याकडे वळते. आमचा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून तो बनला. घट्ट थरातून पाणी जवळजवळ जात नाही. ज्या थराला सांधे पडले आहेत, भेगा आहेत, किंवा जो कुजून मुरूम झाला आहे, त्यातून जाते. टेकडीवरचा पाऊस मुरमात शिरतो, खाली घट्ट थर लागला की आडवा चालू लागतो आणि पायथ्याच्या विहिरींना झऱ्याच्या रूपाने येऊन मिळतो. खाण हा आडवा रस्ता तोडील एवढी खोल गेली तर पाणी विहिरीऐवजी खाणीच्या खड्ड्यात उतरेल. तसे होईलच असे नाही. पाणी चालणारा थर खाणीच्या तळाच्या खाली असेल तर विहिरींना काहीच होणार नाही. कोणते खरे, हे थर पाहून आणि विहिरींची पातळी मोजूनच सांगता येईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पावसानंतरची आणि उन्हाळ्याअखेरची अशी दोन मापे शेजारी ठेवली म्हणजे विहीर कशी भरते व कशी उतरते ते कळते. आमच्या अहवालात सबंध दहा किलोमीटरांच्या वर्तुळासाठी ‘इतक्यापासून इतक्या मीटरांपर्यंत’ असे एकच वाक्य होते. टेकडीच्या पायथ्याला सात विहिरी आहेत. त्यांतल्या एकीचेही माप त्यात नव्हते.

चौथे प्रकरण परिणामांचे. येथे आकडे येतात आणि आकडे पाहिले की आमच्यासारखे कलाशाखेचे विद्यार्थी पान उलटतात. माझी विनंती आहे की उलटू नये. त्यातले बरेचसे गणित आठवीच्या पलीकडचे नाही. समजुतीसाठी मी येथे गोल आकडे घेते, ते आमच्या अहवालातले नव्हेत. अर्जात वर्षाला वीस हजार ब्रास खडी लिहिली आहे असे धरू. एक हायवा चार ब्रास नेतो. म्हणजे पाच हजार खेपा. काम वर्षातले २५० दिवस चालले तर दिवसाला वीस खेपा. प्रत्येक हायवा भरून जातो तसा रिकामा येतोही, म्हणून रस्त्यावर चाळीस फेऱ्या. दहा तासांच्या दिवसात दर पंधरा मिनिटांना एक. ‘वाहतुकीत किरकोळ वाढ होईल’ हे वाक्य आणि ‘जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरून दर पंधरा मिनिटांनी एक हायवा जाईल’ हे वाक्य, दोन्ही एकाच हिशेबातून निघतात.

यात एक खोच आहे, ती मला कोणत्याही पुस्तकात नव्हे तर आप्पांकडून कळली. अहवाल टनांत किंवा घनमीटरांत बोलतो, खाणीवरची माणसे ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. डोंगरातल्या घट्ट दगडाचा एक ब्रास सुमारे आठ टन भरतो. तोच दगड फोडून खडी केली की मध्ये पोकळ्या राहतात आणि एका ब्रासचे वजन साडेचार टनांच्या आसपास येते. म्हणजे एक ब्रास डोंगर खोदला की पावणेदोन ब्रास खडी बाहेर पडते. अर्जातले ब्रास डोंगरातले की हायव्यातले, हे लिहिले नसेल तर रस्त्यावरच्या फेऱ्या जवळजवळ निम्म्या दिसू शकतात. आप्पा सातवीपर्यंत शिकले आहेत. हा हिशेब त्यांनी मला जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने मांडून दाखवला.

धूळ बसवण्यासाठी रस्त्यावर पाणी मारणार, असे प्रत्येक अहवालात असते; आमच्याही होते. दिवसाला दहा हजार लिटरचे तीन टँकर धरू : तीस हजार लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने हे ५४५ माणसांचे पाणी झाले. पाणी मारू नये असे मी म्हणत नाही, धूळ खाणाऱ्यांत आमचे आप्पाही आहेत. पण ते कोठून आणणार? ज्या गावाला उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे हा उपाय स्वतःच एक परिणाम आहे, आणि तो परिणामांच्या प्रकरणात लिहिला गेला पाहिजे.

समूहाचा मुद्दाही आकड्यांतच उमगतो. हवेतल्या सूक्ष्म धुळीची (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची) चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. गावची मूळची पातळी ७० आणि एक खाण त्यात १२ ची भर घालते असे समजू. ८२ झाले, मर्यादेच्या आत. प्रत्येक खाणीने स्वतंत्रपणे असेच ८२ लिहिले तर चारही अहवाल निर्दोष. पण गावातला माणूस चार वेगवेगळ्या हवा घेत नाही. चारही मिळून ७० वर ४८ म्हणजे ११८. आवाजाचे मात्र असे नाही, हेही सांगायला हवे. डेसिबलची सरळ बेरीज होत नाही, सारख्या आवाजाची दोन यंत्रे एकत्र चालली तर फक्त तीन डेसिबल वाढतात. म्हणून आवाजावर सगळा जोर देऊन बोलणाऱ्यांना सुनावणीत सहज गप्प करता येते. धुळीवर तसे करता येत नाही.

उपायांच्या भागात मला भाषेची विद्यार्थिनी म्हणून फार गंमत वाटली. ‘आवश्यकतेनुसार’, ‘शक्य तेथे’, ‘वेळोवेळी’, ‘योग्य ती खबरदारी’ हे शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित करीत गेले, तेव्हा पान काळे झाले. ‘पाणी वेळोवेळी मारण्यात येईल’ या वाक्यात कर्ता नाही, वेळ नाही, पाणीही कोणाचे ते नाही. कर्मणी प्रयोगाचा एवढा उपयोग व्याकरणाच्या पुस्तकातही कोणी सांगितला नसेल. हरितपट्ट्यात किती झाडे लावणार हा आकडा होता. लावल्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत त्यांना पाणी कोण घालणार, हे नव्हते.

मराठी सारांशाची भाषाही अशीच. इंग्रजीत यंत्रातून, ढिगाऱ्यातून, रस्त्यावरून मोकाट उडणाऱ्या धुळीला ‘फ्युजिटिव्ह डस्ट’ म्हणतात. भाषांतरकाराने शब्दकोशात पाहून तिला ‘फरारी धूळ’ केले. आप्पा हसून म्हणाले, “पोलिसात द्या मग.” हसण्याचा भाग सोडला तरी प्रश्न गंभीर आहे. दहा पाने मराठीत द्यायची ती लोकांना कळावीत म्हणून; न कळणारी मराठी ही इंग्रजीपेक्षा वाईट, कारण भाषा तर आपलीच आहे, मग आपल्यालाच अक्कल नाही असे वाचणाऱ्याला वाटते. २०२० साली केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा हरकतींसाठी इंग्रजी व हिंदीत प्रसिद्ध केला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी तो आठव्या परिशिष्टातील सर्व, म्हणजे बावीस भाषांत आणण्याचा आदेश दिला होता. भाषांतर करा एवढे न्यायालय सांगू शकते. ‘फरारी’ऐवजी ‘उडती’ लिहा, हे सांगायला मराठी घेऊन बी. ए. करणारा कोणीतरी लागेल.

फायद्यांच्या प्रकरणाबद्दल आमच्यापैकी काही जण कुत्सितपणे बोलतात. मला ते पटत नाही. ज्या डांबरी सडकेने माझी एस. टी. महाविद्यालयात येते ती खडीचीच आहे, आणि आमच्या घरात चूल पेटते ती क्रशरच्या मजुरीवर. मात्र परिणाम जसे मोजायचे तसे फायदेही मोजावेत. ‘स्थानिकांना रोजगार’ असे लिहिले असेल तर किती जणांना, कोणत्या कामाचा, वर्षातले किती महिने? पोकलेन आणि ब्रेकर चालवणारी माणसे आमच्याकडे बाहेरून येतात. गावाला मिळते ते भरणी-उतरणीचे आणि राखणीचे काम. हे वाईट आहे असे नाही. एवढेच आहे, असे लिहावे.

सुनावणीच्या आदल्या रात्री आप्पांनी विचारले, “खाण नको म्हणनार हायस का?” मी म्हटले, “नाही. आधी तिथं काय आहे ते नीट लिहा, असं म्हणणार आहे.” थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “झऱ्याचं दोनदा लिही.”

सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करते आणि जिल्हाधिकारी, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांहून कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी, तिचे अध्यक्षस्थान घेतो. तिला गणसंख्येचे बंधन नाही. चार माणसे आली तरी ती होते, हे गावागावांत माहीत असायला हवे. आधी अर्जदाराची बाजू मांडली जाते, मग लोक बोलतात, सगळ्याचे चित्रीकरण होते. शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हावी लागते. जे स्थानिक नाहीत पण ज्यांचा संबंध पोचतो, त्यांना लेखी म्हणणे देता येते. सुनावणीत मंजुरी मिळत नाही किंवा नाकारलीही जात नाही. ते काम नंतर राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर राज्यस्तरीय प्राधिकरण करते. पण गोषवाऱ्यात जे आले त्याला अर्जदाराने अंतिम अहवालात उत्तर द्यावेच लागते. जे आले नाही, ते बोललेच गेले नाही असे होते.

आप्पा त्या दिवशी कामावर होते. आजी बोलली; सगळ्यांत जास्त वेळ तीच बोलली. गोषवारा वाचताना तिचे बोलणे ‘एका महिलेने चराईचा मुद्दा मांडला’ असे आले. आजी उभी राहून म्हणाली, “येकच मुद्दा न्हाई, बारा महिन्यांचे हायेत.” हॉलमध्ये हशा झाला, पण साहेबांनी ती महिनावार यादी मागून घेतली आणि ती गोषवाऱ्याला जोडल्याची नोंद झाली. आमचे लेखी म्हणणे साडेतीन पानांचे होते. पाच ‘निरंक’ आणि प्रत्येकापुढे काय हवे ते. झरा दोन ठिकाणी. चारही खाणींची धूळ एकत्र धरून हिशेब. ब्रास कोणता ते स्पष्ट करणे. पाणी मारण्याचे पाणी कोठून, किती आणि दिवसातून किती वेळा. शाळा भरताना व सुटताना हायवे बंद. आणि पायथ्याच्या सात विहिरींची पातळी खाण सुरू होण्याआधी एक वर्षभर मोजणे. शेवटच्या मागणीला अर्जदाराच्या प्रतिनिधीने ‘विचार करू’ असे उत्तर दिले, तेही गोषवाऱ्यात आहे. अंतिम अहवाल अजून यायचा आहे.

मोजणे मात्र आम्ही त्यांच्यासाठी थांबवलेले नाही. सुंभाला धोंडा बांधून, दर हाताला गाठ मारून, काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या ते मोजायचे आणि नंतर मापपट्टीवर मीटर करायचे, एवढेच काम आहे. गावातली दहावीतली दोन मुले बरोबर येतात. सातांपैकी सहा विहिरींच्या मालकांनी परवानगी दिली. ऑक्टोबर आणि जानेवारीची मापे वहीत उतरली आहेत. मार्चचे माप चाचणी परीक्षेच्या आठवड्यात येते, ते मुले एकटी घेणार आहेत. मेचे मी घेईन.